सूचना : राजीनाम्यावर सही करण्याआधी वाचा

चाकण-भोसरी पट्ट्यात इंजिन पार्ट्सच्या ऑर्डरी घटल्यात, कामगार कमी केले जात आहेत. कळकळीची विनंती : 'हिशोबाचा कागद' म्हणून पुढे केलेला कागद पूर्ण वाचा. त्यात 'स्वेच्छेने राजीनामा' किंवा 'व्हीआरएस' (स्वेच्छानिवृत्ती) असे शब्द असतील, तर ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा बेकारी भत्ता हातचा जातो. हा भत्ता कामगार कपात झाल्यास किंवा कारखाना बंद झाल्यास मिळतो : पहिले 12 महिने पगाराच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के, शिवाय उपचार. किमान 2 वर्षांची ईएसआयसीची वर्गणी हवी. ती खरंच भरली गेली का, हे पगारपत्रकावरून नव्हे, ईएसआयसी पोर्टलवर पाहा. कपातीचं लेखी पत्र मागून घ्याच.

पुरवठादारांसाठी : कायद्याने, लेखी करार असला तरी माल पोचल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) माल पाठवण्याआधीची हवी, आणि उद्योग सूक्ष्म किंवा लघु. मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर पोच तारखेचा शिक्का नसेल तर दिवस कुठून मोजायचे यावरच वाद अडकतो. थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. ते मागायला संकोच नको.