मळ्यातल्या आंब्यावरचे घुबड

कोल्हापूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, त्यावरून तू काय बोलशील ते ठाऊक आहे. प्रकृती ठीक, गुडघा जुनाच.

मळ्यातल्या ढोलीच्या आंब्यावरचे घुबड अखेर मी भरपूर उजेडात पाहिले. डोक्यावर शिंगांसारखे तुरे नाहीत, डोळे गडद, चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक रेषांची वर्तुळे, पोटावर आडव्या रेघा आणि पाठीवर तांबूस, काळ्या, पांढऱ्या रंगांची सरमिसळ. म्हणजे हे तू म्हणतोस ते तपकिरी वनघुबड नव्हे, ठिपकेदार वनघुबडच. तुझ्या तपकिरी वनघुबडालाही तुरे नसतात, पण त्याचा चेहरा एकरंगी तपकिरी, डोळ्यांभोवती काळे कडे, आणि वस्ती सह्याद्रीच्या दाट रानात. दाजीपूरच्या मुक्कामात यावरूनच तू माझ्याशी जेवणापर्यंत अबोला धरला होतास.

हा वाद आता आपल्या दोघांपुरता राहिलेला नाही. अण्णांनी तो आंबा वखारवाल्याला द्यायचे ठरवले आहे. मी घुबडाचा विषय काढला, तर म्हणाले, "जाईल की दाजीपूरच्या जंगलात!" पण हा पक्षी तसल्या जंगलातला नव्हेच. विरळ झाडीत, गावाजवळच्या आमरायांत, जुन्या चिंचा-वडांवर तो राहतो, ढोलीत अंडी घालतो, आणि एवढी ढोली पडायला झाड पिकावे लागते. अण्णा बदली लावणार असलेल्या कलमांत ती आपल्या हयातीत होणार नाही. शिवाय नोव्हेंबर ते एप्रिल हा त्याच्या विणीचा काळ, आणि वखारवाला येणार संक्रांत झाल्यावर. उसातले उंदीर फुकट मारणारा गडी हाकलून अण्णा विषाच्या गोळ्या विकत आणतील, हा हिशेब मला तरी कळत नाही.

काकूंची अडचण निराळी. त्याची ती थरथरत उतरत जाणारी हाक ऐकली की त्या देवापुढे दिवा लावतात. भावकीच्या वाटणीच्या बैठकीतले आवाज ऐकूनही ज्यांची झोप मोडली नाही, त्यांनी एका पक्ष्याला भ्यावे, याचे मला नवल वाटते. हे मी त्यांना बोलून दाखवले, त्यामुळे सध्या त्या घरी मला चहा मिळत नाही.

तुझी बदली झाल्याचे कळले; घर मिळाले का? चिन्मयीला दहावीसाठी आशीर्वाद.

अण्णा माझे ऐकणार नाहीत, पण तू सरकारी नोकरीतला, तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे. तेव्हा दिवाळीला येशील तेव्हा आधी मळ्यावर ये, आणि निदान अण्णांसमोर तरी ते तपकिरी आहे असे म्हणू नकोस.

तुझा,
विलास