मागे बसलेल्यांचा कायदा कुठे आहे? परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मागच्या सीटवरचा सीट बेल्ट आणि नवख्या चालकांचा परवाना

महोदय,

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही काही विद्यार्थी कॉलेजांमधून सीट बेल्टच्या कडक अंमलबजावणीसाठी सह्या गोळा करतो. सही द्यायला कुणी नाही म्हणत नाही. पण ‘मागे बसल्यावर लावता का?’ असं विचारलं की बहुतेकजण हसतात. ‘मागे कशाला?’ सुशिक्षित घरांतली, रोज गाडीतून येणारी मुलंही हेच म्हणतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? मागे बेल्ट न लावल्याबद्दल पावती फाटल्याचं त्यांनी कधी पाहिलेलंच नाही.

कायद्यात मात्र हे स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३८ पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनाही बेल्ट सक्तीचा करतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ब खाली १००० रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टविना बसलं असेल तर तेवढाच दंड चालकाला. नवा कायदा मागायला मी आलेले नाही, निदान या बाबतीत तरी नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला नव्हता. त्याआधी ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, तेही मागच्या सीटवर होते. मिस्त्रींच्या अपघातानंतर भरपूर चर्चा झाली आणि मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. आज मुंबईत कुठल्याही टॅक्सीत मागे बसून पाहा, त्या सक्तीचं काय झालं ते कळेल.

केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांतल्या १६,७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता. त्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. म्हणजे जवळपास निम्म्यांच्या हातात स्टिअरिंग नव्हतंच. तरी आपली सगळी नजर चालकावर. चौकातला हवालदार पुढच्या काचेतून पाहतो, कॅमेराही पुढच्या काचेतूनच फोटो काढतो.

ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी आदळली तर आतल्या माणसाला बसणारा धक्का सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. गाडी थांबते, मागचा माणूस थांबत नाही. तो पुढच्या सीटवर आदळतो, आणि पुढच्याने बेल्ट लावलेला असला तरी मागून आलेलं हे वजन त्याचाही जीव घेऊ शकतं. म्हणून ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा युक्तिवाद मला मागच्या सीटपुरता तर अजिबात पटत नाही.

भाड्याच्या गाड्यांची तर वेगळीच गंमत. बेल्ट असतो, पण त्याचं बक्कल सीट कव्हरच्या खाली गाडलेलं असतं. लावायचा म्हटलं तर ड्रायव्हरकाका म्हणतात, ‘राहू द्या ताई, मागे कोणी धरत नाही.’ महोदय, हे मात्र पूर्णपणे आपल्या खात्याच्या हातात आहे. प्रत्येक टॅक्सी पासिंगसाठी येतेच. मागचे सगळे बेल्ट ओढून, बक्कल लावून बघितल्याशिवाय फिटनेस द्यायचा नाही, एवढा एक आदेश काढा. त्याला ना विधेयक लागतं, ना निधी. (लोकांच्या कल्पकतेची खात्री हवी असेल तर मे २०२३ आठवा. बेल्ट न लावताच गाडीचा गजर गप्प करणाऱ्या क्लिपा विकू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना सांगावं लागलं होतं. विक्रीच्या तेरा हजारांहून जास्त नोंदी काढल्या गेल्या.)

आता आमच्या वयाबद्दल. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा अल्पवयीन चालकांवर खूप बोललं गेलं. कलम १९९अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगतं. ते कडक आहे, असू दे. पण अठरावा वाढदिवस झाला की काय होतं? शिकाऊ लायसन्स, तीस दिवसांनी चाचणी, आणि पास झालं की चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला जे जे करता येतं ते सगळं त्यालाही करता येतं. रात्री दोनला, हायवेवर, मागे तीन मित्र, गाणी जोरात आणि कुणालाच बेल्ट नाही. आम्हाला सगळ्यात जास्त भीती या गाडीची वाटते, आणि आमच्यातले बरेचजण तिच्यात बसलेले आहेत.

न्यूझीलंडने १९८७ मध्येच परवाना टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही आणि शेजारी अनुभवी चालक असल्याशिवाय मित्रांना बसवायचं नाही. पुढे इतर अनेक देशांनी हा मार्ग धरला. आपल्याकडे परवान्याचा कायदा केंद्राचा आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण महाराष्ट्राने शिफारस पाठवायला कुणाची हरकत आहे? पहिल्या वर्षी रात्रीची आणि मित्रांच्या संख्येची मर्यादा घातली तर कॉलेजात ओरडा होईल. तो ओरडा आम्ही ऐकून घेऊ.

अंमलबजावणीची सुरुवात मात्र मंत्रालयाच्या आवारातून व्हावी. लाल दिवे गेले, पण सरकारी गाडीत मागे बसलेले साहेब बेल्ट लावत नाहीत तोवर त्यांच्या ड्रायव्हरकडून किंवा हवालदाराकडून काय अपेक्षा करणार? आणि ई-चलानच्या आकड्यांत पुढचे किती, मागचे किती, हे वेगवेगळं दर महिन्याला जाहीर करा. मागच्यांचा आकडा शून्याच्या जवळ असेल असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.

सह्यांचे कागद घेऊन आम्ही भेटीची वेळ मागत आहोत. भेट शक्य नसेल तर पासिंगच्या आदेशाबद्दल लेखी ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवावं, ही विनंती.

आपली,
मोहिमेतली एक विद्यार्थिनी