एकदाच बसवून नको, येता-जाता बोला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलाच्या मोबाईलमध्ये नको ते सापडलं किंवा मुलगी कुणाबरोबर तरी दिसली, की आई-वडील तिला-त्याला समोर बसवून 'त्या' विषयावर, म्हणजे लैंगिकतेवर, बोलतात. ते बोलणं झाडाझडतीच होते. मुलींच्या शरीरातले बदल साधारण ८ ते १३ आणि मुलांच्या ९ ते १४ या वयात सुरू होतात. म्हणजे सुरुवात चौथी-पाचवीतच व्हायला हवी, पाळी येण्याच्या किंवा आवाज फुटण्याच्या आधी.

'घरात एकांतच नाही' ही अडचण खरी आहे. सोलापूरच्या पूर्व भागात पुढच्या खोलीत माग आणि मागे सगळं कुटुंब अशी कितीतरी घरं आहेत. पण त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. सात रस्त्याला जाताना गाडीवर, गच्चीत कपडे वाळत घालताना, मेथी निवडताना पाच मिनिटं पुरतात. नजरेला नजर नसली की मुलंही मोकळी होतात.

प्रश्न आला, तर आधी उत्तर द्या, चौकशी नंतर. 'आई, कंडोम म्हणजे काय?' यावर 'कुठे ऐकलंस?' असं विचारलं, की पुढचा प्रश्न घरात येत नाही, तो मोबाईलवर जातो. 'संबंधाच्या वेळी पुरुष लिंगावर चढवतात ते रबरी आवरण. गर्भ राहू नये, रोग लागू नये म्हणून' एवढं दहा वर्षांच्या मुलाला पुरतं. उत्तर माहीत नसेल तर 'उद्या विचारून सांगते' म्हणा आणि खरंच सांगा.

मुलग्यांकडे तर सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. झोपेत वीर्य गेलं की अशक्तपणा येतो, या भीतीने कितीतरी मुलं भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातवाल्यांकडे पैसे घालवतात. ते नैसर्गिक आहे, त्याला औषध लागत नाही, हे वडिलांनी किंवा काकांनी एका वाक्यात सांगितलं तरी भीती जाते.

प्रेमात पडू नकोस, असं बजावून कुणी थांबत नाही. त्यापेक्षा चांगलं नातं कसं ओळखायचं ते सांगा. समोरच्याने पहिल्या 'नाही'ला थांबायला हवं. पासवर्ड मागणं, मैत्रिणी तोडायला लावणं, तासातासाला 'कुठे आहेस' विचारणं ही काळजी नव्हे, ताबा आहे. मुलग्यांना नकार पचवायला शिकवणं तितकंच गरजेचं. कायदाही धाक न घालता सांगा: १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती २०१२ च्या पोक्सो कायद्यात (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात) संमती धरली जात नाही, त्यामुळे दोघांच्या मर्जीने झालं तरी गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.

आता सर्वांत नाजूक बाब. उघडा फोटो पाठवला गेला आणि समोरचा धमकावतोय, असं मूल सांगतं, तेव्हा पहिलं वाक्य 'बरं झालं सांगितलंस' हेच हवं. धमकावणाऱ्याचा सगळा जोर मूल घरी बोलणार नाही यावरच असतो. मारलंत, मोबाईल हिसकावलात, तर त्याचंच फावतं. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका. धमकीचे मेसेज, नंबर, खात्याचं नाव यांचे स्क्रीनशॉट ठेवा, मगच ब्लॉक करा. मुलाचा फोटो मात्र नातेवाइकांना 'पुरावा' म्हणून पुढे पाठवू नका. अल्पवयीनाचा असा फोटो पसरवणं हा स्वतःच गुन्हा आहे. तक्रारीसाठी सायबर हेल्पलाइन १९३०, तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असू द्या.

आपले,
किशोरवयीन मुला-मुलींसोबत काम करणारे समुपदेशक,
सोलापूर