ताई, तुमच्या सहलींच्या वहीबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली आहे आणि सामान न्यायला लोक येतील, त्याआधी हे पत्र पोहोचायला हवं. लिहिणारे आम्ही सगळे रामश्टाइन, लांडश्टूल आणि बाउमहोल्डर परिसरातले, म्हणजे अमेरिकन फौजेतल्या नोकरीमुळे जर्मनीत आलेल्या घरांतली मराठी माणसं. पत्र उघड लिहितोय, कारण तुमची वही आता हातोहात फिरते आहे. ती ज्यांच्या हाती अजून पडलेली नाही, त्यांनाही तिच्यात काय आहे ते कळावं.

कुठे जायचं हे सांगणारी पुस्तकं भरपूर आहेत. तुमच्या वहीत प्रत्येक ठिकाणापुढे पहिली नोंद आहे ती परतायच्या वेळेची. फौजी घराला हेच लागतं. युनिटमधून कधीही फोन येऊ शकतो, दोघांपैकी एकाची ड्युटी भल्या पहाटे असते, आणि मूल दुपारी झोपलं नाही तर संध्याकाळी सगळ्यांचंच बिनसतं. म्हणून तुम्ही घराभोवती दीड तासाचं वर्तुळ काढलंत आणि त्यातली ठिकाणं आधी लिहिलीत. म्युनिक, पॅरिस वगैरे मागच्या पानांवर गेले, ते बरंच झालं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दोन कॅलेंडरांच्या पानाचा. बेसवरच्या अमेरिकन शाळांच्या सुट्ट्या आणि जर्मन सुट्ट्या जुळत नाहीत, आणि हा घोळ नसून फायदा आहे, हे तुम्ही दाखवलंत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी आपली मुलं घरी असतात आणि जर्मन मुलं वर्गात. बहुतेक वर्षी तोवर नाताळचे बाजार उघडलेले असतात, आणि त्या सकाळी बाबागाडी घेऊन आरामात फिरता येतं. फौजेच्या ‘डोन्सा’च्या, म्हणजे युनिटचं ठरलेलं काम नसलेल्या, दिवसांचंही तसंच. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेचं मात्र दर वर्षी तपासून घ्यावं लागतं. २०२६ मध्ये तो आणि जर्मन कार्निव्हलचा रोझेनमोंटाग एकाच दिवशी, १६ फेब्रुवारीला, आले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टीही फसवी, कारण ती बहुधा आपल्या ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्याच्या शाळांच्या शरद सुट्टीत सापडते.

उलट बाजूने हिमेलफार्ट आणि फ्रोनलाइखनाम हे दोन्ही ख्रिस्ती सण कायम गुरुवारी येतात. बेसवर काम चालू असतं, गावातली दुकानं बंद असतात आणि पुढचा शुक्रवार जोडून अर्धा देश बाहेर पडतो. त्या शुक्रवाराला ते ‘ब्रुकनटाग’ म्हणतात, म्हणजे पुलाचा दिवस. त्यापुढे तुम्ही लाल पेनाने फक्त ‘युरोपा पार्क नाही’ एवढं लिहिलंय, म्हणजे त्या मोठ्या करमणूक-उद्यानात त्या दिवशी जायचं नाही. पुरेसं आहे.

आता बाड सोबरनहाइमचं पान. अनवाणी चालायची ही वाट १९९२ साली सुरू झाली, साडेतीन किलोमीटरची आहे आणि थंडीत बंद असते. नाहे नदी दोनदा ओलांडायची, एकदा पाण्यातून आणि एकदा झुलत्या पुलावरून. मध्ये चिखलाचा हौद आहे, आणि मुलं तिथून हलत नाहीत. घोटाळा होतो तो कपड्यांचा. लोक एक जास्तीची चड्डी नेतात आणि ती चिखलातच संपते. तुमचा हिशेब असा: प्रत्येक मुलामागे दोन चड्ड्या, एक टॉवेल, ओल्या कपड्यांसाठी घट्ट बंद होणारी पिशवी, आणि मोठ्यांसाठीही एक जास्तीची पँट, कारण नदी उतरताना मूल घाबरलं की त्याला उचलून घ्यावंच लागतं. पावसाळी आठवड्यानंतर पाणी चढलेलं असतं, तेव्हा आधी चौकशी करायची. बाबागाडी न्यायचीच नाही. लहानग्याला पाठीवरच्या झोळीत बसवायचं.

श्पायरच्या तंत्र-संग्रहालयाबद्दल तुम्ही क्रम सांगितलात, तोही कामाचा. खांबांवर सुमारे वीस मीटर उंच उभं केलेलं लुफ्तहान्साचं बोइंग ७४७ सकाळी आधी गाठायचं, पाय ताजे असताना. विमान मुद्दाम कललेलं ठेवलंय. आत चालताना मोठ्यांना गरगरतं, मुलांना काही होत नाही. खाली यायला घसरगुंडी आहे. तिथे एकाने वर राहायचं आणि एकाने खाली, नाहीतर पाच वर्षांचं मूल खाली पोहोचून एकटंच उभं असतं. मग ‘बुरान’ या सोव्हिएत अंतराळयानाचं दालन. हे यान २००८ मध्ये ऱ्हाइन नदीतून आणलं. ‘हे अंतराळात गेलं होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते वातावरणात उडवून पाहण्याचं चाचणी-यान होतं. वहीत हे उत्तर लिहिलेलं असल्यामुळे किती बापांची अब्रू वाचली असेल! कॉंकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगवान विमान पाहायचं असेल तर झिन्सहाइम. तेही संग्रहालय त्याच मंडळींचं, पण दोन्ही एका दिवशी नाही.

बाबागाडी लागणारच असेल तर झार नदीच्या वळणावरची झाडांच्या शेंड्यांमधली वाट. लांबी १,२५० मीटर, शेवटी ४२ मीटरचा मनोरा, आणि वरपर्यंत चढ इतका सौम्य की चाकं जातात. फक्त वारा. खाली ऊन असलं तरी वर कानटोपी लागते. घराजवळची नान्श्टाइन गढी, जिथे १५२३ च्या वेढ्यात फ्रांझ फॉन झिकिंगेन हा सरदार मेला, ती मात्र झोळीवाल्यांचीच. हिंटरवाइडेनटालचा ‘सैतानाचा टेबल’ हा चौदा मीटर उंच खडक पाहायला पाच मिनिटं लागतात आणि खालच्या खेळाच्या मैदानात तीन तास जातात. वेळेचा अंदाज त्या प्रमाणात करायचा.

जेवणाचं पान वाचून नव्यांना हायसं वाटतं. रविवारी दुकानं बंद असतात. बेकरी काही तास उघडी, पेट्रोल पंपावर महाग सँडविच. म्हणून डबा शनिवारीच. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, आणि त्यांच्याबरोबर दाण्याची कोरडी चटणी. दही नको, सांडतं. फेल्झरवाल्डच्या जंगलातल्या ‘ह्युटे’ म्हणजे पायवाटेवरच्या खानावळी. स्वतः खिडकीवर जाऊन ताट आणायचं, लांब बाकांवर अनोळखी लोकांच्या शेजारी बसायचं, आणि पैसे रोख ठेवायचे, कारण कार्ड सगळीकडे चालत नाही. पुष्कळशा फक्त शनिवार-रविवारी आणि एखाद्या मधल्या वारी उघड्या असतात, म्हणून निघण्याआधी पाहायचं. शाकाहारी काय मिळतं, असं विचारण्याऐवजी थेट ‘वाइसर केझ मिट पेल्कार्टोफेल’ मागायचं, म्हणजे सालासकट उकडलेले बटाटे आणि कांदा-पातीचा क्वार्क. क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचा जरा ढिला भाऊ. मुलांसाठी व्हॅनिला सॉसमधला डाम्फनुडल, म्हणजे वाफवलेला मऊ पाव. झाउमागन चविष्ट असेलही, पण ते डुकराचं आहे, हे ताट समोर आल्यावर कळू नये.

गाडीबद्दल तुम्ही कडक आहात आणि तसंच असायला हवं. जर्मनीत मूल बारा वर्षांचं किंवा दीडशे सेंटिमीटर उंच होईपर्यंत मान्यताप्राप्त आसन लागतं. अमेरिकेतून आणलेल्या आसनावर आर-४४ किंवा आर-१२९ हा युरोपीय शिक्का नसतो, म्हणून भाड्याच्या किंवा जर्मन मित्राच्या गाडीतून जाताना तसं शिक्क्याचं आसन आधीच मागून ठेवायचं. गावात निळी पार्किंगची चकती लावायची, आणि ती पोहोचल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर. दहा वाजून दहा मिनिटांनी आलात तर साडेदहा. नवे लोक घड्याळातली नेमकी वेळ लावतात किंवा निघायची वेळ लावतात, आणि दोन्हीला दंड होतो. हायवेवरच्या सॅनिफेअर शौचालयात एक युरो पडतो, तेवढ्याचंच कुपन परत मिळतं, आणि लहान मुलांसाठी बाजूला फुकटचा छोटा दरवाजा असतो. त्यांच्यासाठी नाणी घालत बसू नये.

आगगाडीने जायचं तर ऱ्हाइनलँड-फाल्झ तिकीट: एका दिवसाचं, पाच जणांपर्यंत, झारलँडमध्येही चालतं. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. तिकिटावर नाव लिहायचं राहिलं तर तपासनीस ते ग्राह्य धरत नाही. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांमध्ये हे चालत नाही, आणि फलाटावर घाईत लोक नेमके त्यातच चढतात. महिन्याचं डॉइचलँडटिकेट व्यक्तीच्या नावावर असतं. त्यात सहा वर्षांवरचं मूल आपोआप येत नाही.

सीमेचं पान नव्याने लिहिलंत ते फार बरं केलंत. फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग जवळ आहे म्हणून लोक खिशात फक्त लायसन्स घालून निघायचे. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचा पासपोर्ट आणि सोफा करारावरच्या (परदेशी फौजेच्या माणसांना इथे राहू देणाऱ्या करारावरच्या) वास्तव्याचा पुरावा बरोबर हवा. आपल्यापैकी अनेक घरांत एकाचा पासपोर्ट अमेरिकन आणि दुसऱ्याचा भारतीय आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला शेजारच्या देशात जाण्यासाठी काय लागेल, हे बेसच्या पासपोर्ट कार्यालयात स्वतः विचारायचं, नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या सांगण्यावर जायचं नाही. ही तुमची ओळ आम्ही अधोरेखित केली आहे.

जंगलातून परतल्यावर गोचीड तपासायची: कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, गुडघ्यामागे, चड्डीच्या इलॅस्टिकखाली. गोचिडीमुळे होणारा लाइम आजार सगळ्या जर्मनीत आहे आणि त्यावर लस नाही. एफएसएमई या गोचिडीमुळेच होणाऱ्या मेंदूज्वरावर आहे, तीन डोसांची. बाउमहोल्डरवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण त्यांचा बिर्केनफेल्ड जिल्हा जोखमीच्या यादीत आहे. सहल मे महिन्यात असेल तर डॉक्टरांशी हिवाळ्यातच बोलायचं, कारण डोसांमध्ये अंतर लागतं. वाटेत काही झालंच तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक. जागा सांगता येत नसेल तर जवळच्या हिरव्या बचाव-फलकावरचा क्रमांक वाचून दाखवायचा. तुमच्या सांगण्यावरून आता मुलंच असे फलक शोधत चालतात.

पोहण्याच्या पानावर तुम्ही हसरा चेहरा का काढलाय, ते आता सगळ्यांना कळलंय. थर्मल बाथमधल्या सौना भागात कपडे घालून जायचं नसतं, आणि पाटी जर्मनमध्ये असते. मुलांना घेऊन जायचं तर तिकीट फक्त तलावाचं काढायचं. कपाटासाठी एक आणि दोन युरोचं प्रत्येकी एक नाणं वेगळं ठेवायचं.

आणि ताई, ज्या पानासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते ‘एकटीने नेताना’ हे पान. जोडीदार मोहिमेवर असतो तेव्हा सहली बंद पडतात, आणि नेमकं तेव्हाच मुलांना बाहेर पडावंसं वाटतं. तुम्ही ‘जमेल तसं करा’ असं लिहिलं नाहीत. कुंपण असलेली आणि एकच फाटक असलेली ठिकाणं वेगळी काढलीत: कैझर्सलाउटर्नची गार्टनशाऊ, जिथे खऱ्या आकाराचे डायनासोर आहेत (एप्रिल ते ऑक्टोबर), आणि झीगेलबाखचं प्राणिसंग्रहालय. नदी, तलाव आणि गढीचे बुरूज एका मोठ्याला दोन मुलांसह नकोत, असं स्पष्ट लिहिलंत. मुलांना एकाच भडक रंगाच्या टोप्या, मनगटावर मराठीत नव्हे तर जर्मनमध्ये फोन नंबराची पट्टी, आणि दोन तासांत परत. मूल रडत असतानाच गाडीत बसवायची वेळ आली तर दिवस वाया गेला असं मानायचं नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. ते वाचून किती जणींनी पुढच्या शनिवारी पुन्हा किल्ली उचलली, हे तुम्हाला एरवी कळलं नसतं.

वहीच्या दोन प्रती काढल्या आहेत. मूळ वही तुमच्याबरोबर जाईल. गार्मिशच्या पानात एक भर घातली: फौजेच्या एडेलवाइस लॉज या हॉटेलात उतरून पार्टनाखच्या घळीत जायचं तर झोळीबरोबर रेनकोटही, कारण कडक उन्हातही वरून पाणी गळतं. मुलांच्या चिखलाच्या पँटी, ९८ ते ११६ मापाच्या, तुमच्याकडून आल्या आहेत आणि धुऊन ठेवल्या आहेत. तेवढी ती निळी पार्किंगची चकती सामानात टाकू नका. अमेरिकेत तिचं काही काम नाही, आणि वरच्या मजल्यावर पुढच्या आठवड्यात नवं घर येतंय.

तुमच्या,
रामश्टाइन, लांडश्टूल आणि बाउमहोल्डरच्या घरांतल्या सगळ्या