कूलरच्या खोलीत ठेवलेली रायफल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यात पीकसंरक्षणाच्या किंवा आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरच्या बंदुका आणि ३१५ बोअरच्या रायफली बाळगणारे पुष्कळ आहेत. सोलापूरची हवा कोरडी, इथे लोखंडाला गंज चढत नाही, अशी त्यांच्यापैकी अनेकांची समजूत असते. तिच्यापायी चांगल्या नळ्या कायमच्या वाया जातात, म्हणून हे पत्र.

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज झपाट्याने धरतो. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरची हवा त्याच्या कितीतरी खाली असते हे खरे, पण त्याच दिवसांत घरोघरी कूलर चालू असतात. दारे-खिडक्या लावून रात्रभर चालवलेला कूलर खोलीतली हवा पावसाळ्यासारखी दमट करतो, आणि शस्त्राचे कपाट बहुधा त्याच खोलीत असते. थंडीत ज्वारीच्या राखणीला बंदूक रानात गेली की पहाटेचे दव नळीवर बसते. सप्टेंबरच्या पावसाचे वेगळे सांगायला नको. त्यात घामेजला हात लागला तर मिठाचा अंश मागे राहतो, आणि दोन दिवसांत बोटांचे ठसे तांबूस होऊन उमटतात.

बंदूक चादरीत गुंडाळून पेटीत ठेवणे ही आपल्याकडची आणखी एक सवय. सोलापुरी चादर अंगावर घ्यायला उत्तम, पण सुती कापड ओलावा ओढते आणि तो पोलादाला चिकटवून ठेवते. फोमचे अस्तर असलेली रेक्झिनची पिशवी आणि चामड्याचे म्यान यांचेही तेच. पिशवी प्रवासापुरती वापरावी. घरी शस्त्र उघडेच, कुलूपबंद पोलादी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर आणि कूलर नसलेल्या खोलीत उभे असावे. कपाटात पाव ते अर्धा किलो सिलिका जेल ठेवावे, मात्र दाराच्या फटी रबरी पट्टीने बुजवल्या असतील तरच त्याचा उपयोग होतो. दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत; त्यापेक्षा नारिंगी दाणे घ्यावेत.

तेलाबाबत तर फारच चुका होतात. करडईचे तेल घरात असते म्हणून तेच लावले जाते. हे वाळणारे तेल आहे, हवा लागली की त्याचा व्हार्निशसारखा चिकट थर बनतो. बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा, जड चालतो आणि स्प्रिंगा अडकतात. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे फायरिंग पिनच्या, म्हणजे ठोका देणाऱ्या सुईच्या, खाचेत मेण भरल्यासारखे होऊन काडतुसाच्या टोपीवर (ठोक्याने पेटणाऱ्या मागच्या टिकलीवर) ठोका हलका पडतो. रॉकेलने मळ निघतो, पण ते उडून गेले की धातू उघडाच राहतो. शिवणयंत्राचे किंवा बंदुकीसाठीच मिळणारे पातळ खनिज तेल वापरावे. चार इंच बाय दोन इंच फ्लॅनेलच्या चिंधीवर दोन-तीन थेंब संपूर्ण नळीला पुरतात. जास्त तेल दस्त्यात झिरपून लाकूड मऊ करते. तेल लावल्यावर पहिली रात्र बंदूक नळीचे तोंड खाली करून ठेवली तर ओघळ दस्त्याकडे जात नाही.

गंज चढलाच असेल तर आधी शस्त्र रिकामे करावे. मॅगझिन आणि बोल्ट काढावा, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी पाहून वर बोट घालून तपासावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मग गंजलेल्या जागी भरपूर पातळ तेल लावून रात्रभर मुरू द्यावे. घाई नडते ती इथेच. सकाळी चार शून्यांचे, म्हणजे सर्वांत मऊ, स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवावे, दर मिनिटाला पुसून पाहावे, चिंधीवर तांबूस रंग येणे थांबले की आपणही थांबावे. कोपऱ्यात आणि खाचेत गोल कडेची तांब्याची पट्टी चालते. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. शेवटी वूलचे तुटलेले तंतू नीट पुसून काढावेत, कारण राहिले तर तेच गंजतात. नळीबरोबर लाकडाखालची बाजू, पट्ट्याची कडी, मॅगझिनचा तळ, बोल्टचे तोंड आणि काडतूस ओढणारा आकडाही पाहावा. गंजाची सुरुवात बहुधा अशा झाकलेल्या जागीच होते.

नळीच्या आत स्टील वूल घालू नये. तिथे त्या बोअरचा पितळी किंवा कांस्य ब्रश, अखंड रॉडवर, शक्यतो चेंबरच्या बाजूने घालावा आणि पूर्ण बाहेर काढूनच मागे आणावा. मध्येच उलटा फिरवला तर ब्रशच्या तारा मोडतात. दहा-पंधरा फेऱ्या, मग चिंध्या, पुन्हा तेल. पुलथ्रूची, म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची, दोरी सरळ ओढावी. तिरपी ओढत राहिल्यास नळीच्या तोंडाची कड झिजते आणि रायफलचा नेम बिघडतो.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, शौचालयाचे ॲसिड यांपैकी काहीही लावू नये. नळीचा निळसर-काळा रंग हा स्वतःच लोखंडाचा ऑक्साइड असतो, त्यामुळे आम्ल गंजाबरोबर तोही खाते. शौचालयाच्या ॲसिडातला क्लोराइडचा अंश सूक्ष्म छिद्रांत राहतो आणि सकाळपर्यंत पुन्हा गंज दिसतो. पॉलिश पेपर आणि बफिंगचे चाक यांनीही रंग जातो, शिवाय बारा बोअरची मुळातच पातळ नळी आणखी पातळ होते. त्याहून मोठा धोका म्हणजे घासताना अनुक्रमांक पुसला जाणे. ओळखचिन्ह नाहीसे करणे हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार गुन्हा आहे. दुनळीच्या दोन नळ्यांमधल्या पट्ट्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात. गरम कॉस्टिकचे ब्लूइंग, म्हणजे नळीला निळसर-काळा रंग चढवणे, तो डाख खाते आणि नळ्या सुटतात. खड्डे पडले असतील तर घरी काहीच करू नये. दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून ते तपासून घ्यावेत आणि तोवर बार काढू नये.

ठासणीच्या बंदुकीची काजळी आणि जुन्या काडतुसांच्या टोपीतून उरणारे पोटॅशियमचे क्षार तेलात विरघळत नाहीत. तेल त्यांच्यावर नुसते पांघरूण घालते आणि खाली गंज चालूच राहतो. त्यासाठी पाणीच लागते. त्याच दिवशी नरसाळ्याने लिटरभर उकळते पाणी नळीतून सोडावे, दस्त्यावर सांडू देऊ नये. तापलेली नळी आपोआप सुकते. मग कोरड्या चिंध्या आणि तेल.

निवडणुकीत पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करणाऱ्यांनी तर विशेष काळजी घ्यावी. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि मतमोजणी ४ जूनला झाली. ऐंशी दिवस पातळ तेलाचा थर टिकत नाही. जमा करण्याआधी नळीला आत-बाहेर लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यावा. व्हॅसलीन मे महिन्यात पत्र्याखाली वितळून ओघळते. शस्त्राचे आणि क्रमांकाचे फोटो काढावेत, पावतीवर स्थिती लिहून घ्यावी आणि ‘नळीत ग्रीस आहे’ अशी चिठ्ठी बांधावी. ठाण्यांनीही शस्त्रे गोणपाटात बांधून जमिनीवर न ठेवता लाकडी घोडीवर उभी ठेवावीत, आणि मुदत लांबली तर पोलिसांसमोर महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवू द्यावा, ही विनंती.

शस्त्र परत मिळाले की काडतुसाला हात लावण्याआधी बोल्ट काढून उजेडाकडे नळी धरावी. ग्रीस पूर्ण पुसून कोरडी चिंधी आरपार काढावी, कारण नळीतले ग्रीस दाब वाढवते. कुंभारीण माशी नळीत मातीचे घर करते. ते घर तसेच राहिले आणि बार काढला तर नळी फुटते.

आपला,
बंदूक-दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
सोलापूर