मान मोडून घेण्याआधी सांधे तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोकं दुखतंय म्हटलं की आपल्याकडे पित्त, ऊन नाहीतर चष्म्याचा नंबर, एवढ्यावरच विचार थांबतो. पण अंग रबरासारखं वळतं म्हणून जिचं कौतुक होतं, ती मुलगी वारंवार डोकं धरून बसत असेल, तर तिचे सांधे पाहायला हवेत. करंगळी मागे 90 अंशांपलीकडे वळणे, अंगठा मनगटापलीकडे, कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला टेकणे, कोपर आणि गुडघा 10 अंशांहून जास्त उलटा जाणे, यांचे दोन्ही बाजूंचे मिळून 8 गुण. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर आणखी 1. वयात न आलेल्या मुलांत 6, मोठ्यांत 5 आणि पन्नाशीनंतर 4 गुण भरले, तर सांधे अतिलवचीक समजतात. नुसती लवचिकता म्हणजे आजार नव्हे. पण सांधे निखळणं, दुखणं सोबत असेल तर एहलर्स-डॅन्लॉससारख्या संयोजी ऊतींच्या (शरीराचे भाग जोडून धरणाऱ्या ऊतींच्या) आजाराची तपासणी हवी.

अतिलवचीक सांध्यांच्या लोकांत मानेचे अस्थिबंध, म्हणजे हाडं जोडून धरणारे पट्टे, सैल असू शकतात. साडेचार-पाच किलोचं डोकं सावरायचं काम मग स्नायूंवर पडतं. ते दुपारपर्यंत थकतात आणि कळ मानगुटीतून डोळ्यामागे चढते. चुंबळीवर घागर वाहणाऱ्या बाईच्या मानेवर तर हा भार कितीतरी वाढतो. सलूनमध्ये कडकन मान मोडून घेतली की घटकाभर बरं वाटतं, पण सैल अस्थिबंध आणखी ताणले जातात. मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघातही होऊ शकतो. म्हणून अशा माणसाने मान कधीही मोडून घेऊ नये. हलासन, सर्वांगासनही नको. त्याऐवजी उताणं झोपून, डोकं न उचलता, 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी हलकेच आत घ्यावी. 10 सेकंद धरावी, असं 10 वेळा. कळ आली तर थांबावं.

डोकं कधी दुखतं, हेही डॉक्टरांना नेमकं सांगा. उभं राहिल्यावर दुखून आडवं होताच थांबत असेल, तर मेंदूभोवतालचा द्रव झिरपत असण्याची शक्यता असते. उभं राहिल्यापासून 10 मिनिटांत नाडी मिनिटाला 30 ठोक्यांनी (12 ते 19 वयात 40 ने) वाढत असेल, तर तेही कळवा. उन्हाळ्यात शरीरात पाणी कमी पडलं की नाडी वाढण्याचा हा त्रास बळावतो. वेदनाशामक गोळी महिन्यात 15 दिवस, अशी तीन महिन्यांवर चालली, तर गोळीच डोकं दुखवू लागते.

मान अचानक दुखून बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले किंवा हात लुळा पडला, तर चोळत बसू नका. तडक मोठं रुग्णालय गाठा.

– एक फिजिओथेरपिस्ट, लातूर