खंबाटकीत ट्रॅफिक नव्हतं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नका. अनुजा आणि ईरा मजेत आहेत, नोकरी शाबूत आहे, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी "सगळं छान" म्हणून मोकळा होतो, म्हणून लिहायला बसलो. आईचा चष्मा देवघराच्या फळीवर असेल. बाबा, तिला वाचून दाखवू नका, तिचं तिला वाचू दे.

येत्या सोमवारी मी येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये दाखल होतोय. दारू सोडायला. पाच आठवडे तिथेच राहायचं आहे. जायचं पक्कं झालंय, ऑफिसात रजाही मंजूर झालीय. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं वाईट वाटतं. पण विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "अरे, तू कुठे एवढी घेतोस?" आणि ते ऐकायला मला इतकं बरं वाटलं असतं की मी गेलोच नसतो.

कारण आई, मीही स्वतःला तेच सांगत होतो. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी विचारलं, रोज किती घेता? मी म्हटलं, दोन पेग. खोटं बोलतोय असं मनातही नव्हतं. त्यांनी पुढे विचारलं, पेग कशाने मोजता? मला उत्तर देता आलं नाही. मी कधी मोजलंच नव्हतं.

त्या रात्री ईरा झोपल्यावर मी मोजलं. आत्याने वास्तुशांतीला दिलेल्या सेटमधला माझा नेहमीचा ग्लास घेतला. त्यावर निळी वेल आहे, तिच्या खालच्या पानापर्यंत मी ओततो. तेवढंच पाणी भरलं आणि ईराच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने, दहा मिलीच्या, एकेक करून वाटीत काढत गेलो. नऊ झाकणं भरली, दहावं अर्धं. म्हणजे पंचाण्णव मिली. छोटा पेग तीस मिलीचा असतो, त्यात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. माझा एक पेग म्हणजे तीन पेग. दोन म्हणजे सहा, १८० मिलीच्या क्वार्टर बाटलीपेक्षाही जास्त. शिवाय झोपताना घ्यायचो तो "थोडासा" मी कधी धरलाच नव्हता. मी ओट्यापाशी वाटी हातात घेऊन किती वेळ उभा होतो, कोण जाणे. अनुजा पाणी प्यायला उठली. तिने बघितलं आणि काही न बोलता दिवा तसाच ठेवून आत गेली.

डॉक्टरांनी दहा प्रश्नही विचारले होते. जागतिक आरोग्य संघटनेची ती चाचणी आहे, ४० पैकी गुण देतात. ८ किंवा जास्त आले की काळजी घ्यायची, २० किंवा जास्त आले की व्यसन जडल्याची दाट शंका. माझे २३ आले. तरी मी त्यांना म्हणालो, "डॉक्टर, हल्ली सगळेच एवढी घेतात." ते शांतपणे म्हणाले, "सगळे म्हणजे कोण?"

बाबा, तो प्रश्न डोक्यातून जाईना. मार्चमध्ये आमच्या एका साहेबांचा निरोप समारंभ झाला होता. त्या रात्री सगळे प्यायले होते असं माझ्या पक्कं लक्षात होतं. फोनमधला ग्रुप फोटो काढला आणि मोठा करून एकेक हात बघितला. चोवीस माणसं. दारूचा ग्लास सात जणांच्या हातात, त्यातले चार माझ्याच टेबलावरचे. बाकीच्यांकडे सरबत, पाणी, नाहीतर जेवणाचं ताट. ही माणसं साडेनऊला जेवून घरी जायची. ती गेली की जे उरायचे त्यांना मी "सगळे" म्हणत होतो. माझ्या शेजारी कायम बसणाऱ्या देशमुखला विचारलं, तू नक्की किती घेतोस रे? म्हणाला, महिन्यातून एक बिअर, तीही अर्धी तुझ्याच ग्लासात ओततो. आठ वर्षं तो ओतत होता आणि मी त्याला माझ्याइतकाच पिणारा समजत होतो.

मग आकडे शोधले. तुम्ही म्हणाल, ह्याला पहिल्यापासून आकड्यांचं वेड. पण ऐका. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांत दारू घेणारे साधारण १४ निघाले. देशभरात १९. बायकांत तर आपल्या राज्यात शंभरात एकसुद्धा पुरती होत नाही. आणि ज्या गोव्यात "तिकडे तर सगळेच" म्हणत आम्ही दरवर्षी जायचो, तिथेही पुरुषांत ३७ च. मला कुणी विचारलं असतं तर मी बेधडक ८० सांगितले असते. लोक विचारायला येणाऱ्याला कमी सांगतात, हे मान्य. दुप्पट धरा, तरी आपल्याकडे शंभरातले बहात्तर घरी जाऊन वरणभात खातात. एवढ्या माणसांना मी इतकी वर्षं हिशेबातच धरलं नाही.

असं वाटणारा मी एकटा नाही, हेही कळलं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजात पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांनी विद्यार्थ्यांना पिण्याबद्दल विचारलं होतं आणि १९८६ मध्ये ते छापलं. स्वतःला काय योग्य वाटतं ते मुलं एक सांगत होती, आणि बाकीच्यांना त्याहून कितीतरी जास्त चालतं असं धरून बसली होती. डॉक्टर म्हणाले, जास्त पिणाऱ्याची ही समजूत आणखी घट्ट असते, कारण तो पिणाऱ्यांतच बसतो. आपण मधले आहोत असं वाटत राहतं, म्हणून थांबायचं कारणच दिसत नाही. एम्सच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे देशात दारू घेणाऱ्या दर तिघांमागे साधारण एकाला मदतीची गरज आहे. तो एक मी आहे.

आई, आता तू म्हणशील, "तिकडे कशाला जातोस? घरी ये, मी बघते, इथे एक थेंब मिळणार नाही." तेच धोक्याचं आहे. दिवाळीत आठवतं? मी ठरवून काही न घेता आलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तू उटणं लावलंस आणि मग चहा दिलास, तेव्हा कप बशीवर वाजत होता. तू म्हणालीस, बीपी बघून घे. ते बीपी नव्हतं गं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की शरीर असं थरथरतं. काहींना झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधांवर काढायचे. तुझ्या हातच्या मऊ भातावर ते भागलं असतं तर मी कालच आलो असतो.

बाबा, तुम्ही म्हणाल प्रमाणात घे. मीही खूप वेळा प्रमाण ठरवलं. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की अमुक इतकी घेतली तर धोकाच नाही, असं कुठलंच प्रमाण नाही. ते सगळ्यांसाठी झालं. माझ्यासाठी तर शून्य हेच एक प्रमाण मला पाळता येईल असं दिसतंय. मुक्तांगण तुम्हाला माहीत आहे, अनिल अवचटांचे लेख तुम्हीच मला वाचायला द्यायचात. त्यांनी आणि डॉ. अनिता अवचटांनी ते १९८६ साली सुरू केलं. ते वाचताना मला कायम नाना आठवायचे. मी स्वतः कधी आठवलो नाही.

नानांचं नाव काढलं म्हणून रागावू नका. तुम्ही त्यांच्यासाठी जे केलंत ते मी खिडकीतून बघितलं होतं, तुम्हाला वाटतं तेवढा मी लहान नव्हतो. ही वेळ पुन्हा तुमच्यावर येऊ नये म्हणून स्वतःच्या पायांनी जातोय.

एक गोष्ट सांगायची राहिलीय. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी अकराला पोचलो. तुम्हाला आत नेलं होतं आणि आई बाकावर फाईल पोटाशी धरून एकटी बसली होती. मी म्हणालो, खंबाटकीत ट्रॅफिक होतं. ट्रॅफिक नव्हतं, बाबा. आदल्या रात्री जास्त झाली होती, पहाटे उठताच आलं नाही. तुम्ही पट्टी बांधलेल्या डोळ्याने मलाच विचारलंत, "दमलास का रे, काही खाल्लंस?" ते मला अजून झोपू देत नाही.

तुमच्या इथलं सगळं लावून ठेवलंय. दर शनिवारी ताई साताऱ्याहून येईल. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवल्या आहेत, कपाटातल्या निळ्या डब्यात, वर वार लिहून. लाइट बिल परस्पर जाईल. सिलिंडर अनुजा इथून बुक करेल, तुम्ही फक्त दार उघडा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला समोरचा संतोष येईल, स्टुलावर चढू नका. खरंच चढू नका. फोन मी अनुजाकडे ठेवून जातोय, म्हणून आठवडाभर माझा आवाज आला नाही तर रात्र जागवू नका.

आई, माझ्यासाठी नवस बोलायचा नाही आणि गुरुवारसोबत आणखी एक उपवास धरायचा नाही. तुझी साखर उतरली तर मला तिथून पळत यावं लागेल. कुणाला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, मला लपवायचं नाही. आत्याला खरं सांगितलंत तर मला बरं वाटेल, पण जिभेवर येत नसेल तर राहू द्या, मी आल्यावर सांगेन. आणि आपल्या हातून काय चुकलं म्हणून रात्री बोलत बसू नका. काही चुकलं नाही. बाबा, प्रीतिसंगमावर पाठीला डबा बांधून तुम्ही मला पाण्यात सोडायचात आणि स्वतः छातीएवढ्या पाण्यात उभे राहायचात, ते मी ईराला दर उन्हाळ्यात सांगतो. या मे महिन्यात तिला घेऊन येईन, तुम्ही काठावर बसा, पाण्यात मी उभा राहीन.

उत्तर पत्रानेच द्या, अनुजा आणून देईल. आईला दोन ओळी लिहायला लावा. "माझं अक्षर चांगलं नाही" म्हणेल, ऐकू नका.

तुमचा,
राजू